माजी विद्यार्थ्यांचा निधी : रोबोटिक्सची खोली उभारावी, की विज्ञान-गणिताच्या मूळ शिकवण्यावर खर्च करावा?

विचारणा
शाळा समितीचा सदस्य, बडोदे

सर्वांना नमस्कार. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी यंदा सुमारे १२ लाख रुपये उभे केले आहेत आणि ते केवळ विज्ञान व गणित यांच्या शिक्षणासाठी वापरावेत, एवढीच त्यांची अट आहे. शाळा गुजराती माध्यमाची, अनुदानित आणि गुजरात बोर्डाशी संलग्न आहे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतील मराठी घरांतील मुले येथे पिढ्यान्‌पिढ्या शिकत आली आहेत. अलीकडे मकरपुऱ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलेही बरीच येऊ लागली आहेत.

समितीत दोन मते आहेत. एका कंपनीने रोबोटिक्स, थ्रीडी प्रिंटर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहित्य अशी सर्व सामग्री, दोन वर्षांसाठी प्रशिक्षकासह, देऊ केली आहे, आणि त्यात जवळजवळ सर्व निधी खर्च होईल. काही सदस्यांना हाच मार्ग योग्य वाटतो, कारण शहरातील कामाचे स्वरूप डोळ्यांदेखत बदलत आहे. बडोद्याजवळच्या सावली गावी मेट्रोचे डबे तयार होतात. टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ विमानांचा जुळणी कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये येथे सुरू झाला, आणि करारातील ५६ विमानांपैकी ४० विमाने बडोद्यातच तयार व्हायची आहेत. रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थेच्या आवारात सुरू झालेली संस्था २०२२ मध्ये गति शक्ती विश्वविद्यालय झाली. आपल्या गावात विमाने तयार होत असताना आपल्या मुलांनी तेथे केवळ पहारेकरी म्हणून उभे राहावे काय, असा प्रश्न एका सदस्याने बैठकीत विचारला आणि तो मला अजून अस्वस्थ करतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की सहावी ते आठवीच्या मुलांना आमच्याकडे प्रयोगशाळाच नाही. नववी-दहावीसाठी जी आहे तिच्यातील पुष्कळसे साहित्य कपाटात बंद असते आणि प्रयोग शिक्षक टेबलावर करून दाखवतात. तेव्हा आधी हे सुधारावे. कारखान्यांत, प्रयोगशाळांत किंवा शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या सभासदांना माझा प्रश्न असा आहे की शाळेतून आलेल्या मुलांत आपल्याला नेमके काय कमी जाणवते, आणि ते भरून काढण्यासाठी शाळेने कोठे खर्च करावा?

उत्तर १
प्रशिक्षण विभागातील अभियंता, मकरपुरा

आपला प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण शाळा खर्च करण्यापूर्वी कारखान्याला काही विचारते, असे क्वचितच घडते. आमच्याकडे पंप आणि व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग तयार होतात. आयटीआय व डिप्लोमा झालेली मुले शिकाऊ उमेदवार म्हणून येतात आणि त्यांना यंत्रावर उभे करण्यापूर्वी तयार करणे हे माझे काम आहे.

या मुलांना संगणकाची भीती नसते. सीएनसी लेथच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकाम यंत्राच्या, पडद्यावरची बटणे आणि मेनू ती थोड्या दिवसांत आत्मसात करतात. अडते ते त्यापुढे. समजा एका भागाचा बाहेरचा व्यास २५.०० मिलिमीटर हवा आहे आणि मोजल्यावर तो २५.०४ भरला, तर टूलच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे कापणाऱ्या हत्याराची जागा सुधारण्याच्या रकान्यात, कोणता आकडा भरायचा? उत्तर उणे ०.०४ असे आहे, आणि त्यासाठी लागणारे गणित सातवीपर्यंत शिकवून झालेले असते. तरीही बरीच मुले आधी शेजारच्या यंत्रावरील माणसाकडे पाहतात. चिन्ह चुकले तर पुढचा भाग २५.०८ चा होतो. तो निदान पुन्हा कापता येतो, पण भाग मुळातच बारीक झालेला असताना चिन्ह चुकले तर पुढचा भाग आणखी बारीक होऊन थेट भंगारात जातो.

दुसरे उदाहरण साइन बारचे, म्हणजे दोन्ही टोकांना रोलर असलेल्या, कोन अचूक बसवण्याच्या पट्टीचे देतो. २०० मिलिमीटरच्या साइन बारने ३० अंशांचा कोन बसवायचा असेल तर एका रोलरखाली १०० मिलिमीटर उंचीचे स्लिप गेज (अचूक जाडीचे धातूचे ठोकळे) रचावे लागतात, कारण साइन ३० अंश म्हणजे १/२. दहावीतील त्रिकोणमितीचे कोष्टक या मुलांना तोंडपाठ असते. मात्र 'खाली किती उंची लावशील?' असे विचारले की ती गप्प होतात, कारण कोष्टकातील १/२ हा आकडा दोन लांबींचे गुणोत्तर आहे, हे त्यांनी हाताने कधी करून पाहिलेले नसते.

ही अडचण केवळ माझ्या कारखान्याची आहे, असे मला वाटत नाही. मुलांना प्रत्यक्ष काय येते हे तपासणाऱ्या 'असर' या देशव्यापी शैक्षणिक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत २८ जिल्ह्यांतील ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाच्या मुलांना पट्टीने लांबी मोजायला सांगितली होती. वस्तू शून्यापासून ठेवली तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. तीच वस्तू शून्याऐवजी दुसऱ्या आकड्यापासून ठेवली तेव्हा बरोबर उत्तर देणारी मुले ३९ टक्क्यांवर आली. व्हर्निअर कॅलिपरची शून्यत्रुटी (जबडे मिटलेले असतानाही दिसणारे वाचन) वजा करायला शिकवताना मला दरवर्षी जे दिसते, त्याचे मूळ येथे आहे. मोजमाप म्हणजे दोन वाचनांतील फरक, ही कल्पना सहावीत पक्की झाली असती तर अठराव्या वर्षी मला ती शिकवावी लागली नसती. विमानाच्या सांगाड्यात रिव्हेटसाठी हजारो छिद्रे पाडावी लागतात, आणि प्रत्येक छिद्राला ठरलेली मर्यादा असते. त्या कारखान्यात ज्यांना काम करायचे आहे त्यांचाही पाया हाच.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दर चार मुलांमागे एक संच अशा हिशेबाने स्टीलच्या पट्ट्या, व्हर्निअर कॅलिपर, काही मायक्रोमीटर, डिजिटल तराजू, तापमापक, स्टॉपवॉच आणि मल्टिमीटर घ्यावेत, आणि ते सहावीपासून मुलांच्या हाती द्यावेत. यासाठी निधीचा लहानसा भागच लागेल.

उत्तर २
निवृत्त गणित शिक्षिका, बडोदे

वरील उत्तरातील साइन बारचे उदाहरण मी वर्गात असताना मला कोणी सांगितले असते, तर त्रिकोणमितीचा पहिला तास मी त्यापासूनच सुरू केला असता. सुचवलेली साधनेही योग्य आहेत. मात्र साधने आली म्हणजे ती वापरली जातील, असे समितीने गृहीत धरू नये. आपल्या शाळेतील साहित्य कपाटात का बंद आहे, याचा विचार आधी करावा. एका शिक्षकासमोर पन्नास-साठ मुले, तास जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटांचा, साहित्य मांडायला आणि आवरायला कोणी नाही, काही फुटले तर नोंदवहीत खुलासा करावा लागतो, आणि परीक्षेत लेखी उत्तरालाच गुण. अशा स्थितीत मनापासून शिकवणारा शिक्षकही फळ्यावर आकृती काढून मोकळा होतो, आणि त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

परीक्षा बदलल्याशिवाय प्रयोग टिकत नाहीत, याचे मोठे उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला, १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोहोचला आणि १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला. सहावी ते आठवीची साधी ग्रामीण मुले तेथे गटागटाने प्रयोग करीत, निरीक्षणे स्वतः लिहीत आणि त्यांवर चर्चा करून निष्कर्षापर्यंत येत. त्यांची परीक्षा पुस्तक उघडे ठेवून द्यायची असे आणि प्रात्यक्षिकाचीही परीक्षा होई, त्यामुळे पाठांतराला वावच नव्हता. शिक्षकांचे प्रशिक्षण आणि दर महिन्याच्या बैठका हा त्याचा कणा होता. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला, याचे मला आजही वाईट वाटते. बोर्डाची परीक्षा आपण बदलू शकत नाही, परंतु सहावी ते आठवीच्या घटक चाचण्या शाळेच्याच हाती असतात. त्यांतील काही गुण मोजमापाला आणि प्रयोगाला दिले, तर पालकही त्याकडे गांभीर्याने पाहू लागतील.

गणिताविषयी थोडे अधिक लिहिते. दशांश अपूर्णांक शिकवताना ०.३५ मोठे की ०.५ मोठे, असे विचारले की अनेक मुले ०.३५ मोठे म्हणतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे ३५ आणि ५ असतात. नियम सांगून ही चूक त्या तासापुरती जाते आणि चाचणीत परत येते. मीटरची पट्टी जमिनीवर ठेवून ०.३५ मीटर आणि ०.५ मीटर येथे खडूच्या खुणा करायला लावल्या, की मूल स्वतःच चमकते आणि ती समजूत बहुधा कायमची जाते. सीएनसी यंत्रापुढे गोंधळणारा तरुण आणि ०.३५ ला मोठे म्हणणारा सहावीतील मुलगा यांच्यात वयाचाच काय तो फरक आहे.

सरावही रटाळ असण्याची गरज नाही. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दाखवून दिलेली गंमत मी दरवर्षी वर्गात करून घेत असे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतले तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२, आणि मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक मुलाची संख्या ६१७४ वर येऊन थांबते. ज्याची येत नाही तो आपली वजाबाकी स्वतःच तपासू लागतो, आणि आपले काम आपण तपासण्याची ही सवय पुढे कोणत्याही नोकरीत उपयोगी पडते.

समितीला माझी सूचना अशी की निधीचा सर्वांत मोठा वाटा माणसावर खर्च करावा. विज्ञानाचा पदवीधर असलेला एक प्रयोगशाळा सहायक किमान तीन वर्षांसाठी नेमावा, आणि साहित्य मांडणे, दुरुस्त करणे व गटांकडे लक्ष देणे हे काम त्याच्याकडे द्यावे. त्याच्यावाचून वरची सर्व साधने वर्षभरात कपाटात जातील.

उत्तर ३
इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील तरुण अभियंता, अलकापुरी

दोन्ही ज्येष्ठांविषयी पूर्ण आदर राखून मी रोबोटिक्सची बाजू मांडू इच्छितो, कारण मी स्वतः त्याच मार्गाने गणिताकडे वळलो. चाकावर चालणारी लहान गाडी एक मीटर चालवून थांबवायची असेल तर मुलाला परीघ काढावाच लागतो. ६.५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे २०.४ सेंटिमीटर येतो, म्हणजे चाक जवळजवळ ४.९ वेळा फिरले पाहिजे. गाडी ९४ सेंटिमीटरवर थांबली, तर चाक घसरले की व्यास मोजताना चूक झाली, हे शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. हे गणित आणि विज्ञान दोन्ही आहे, आणि चूक दाखवायला शिक्षक लागत नाही. मुलांच्या उत्साहाला आपण कमी लेखू नये.

मात्र आपल्यासमोर आलेल्या योजनेबद्दल मला शंका आहे. अशा तयार संचांत पुष्कळदा ठोकळे जोडायचे आणि पडद्यावर चित्रे ओढून आज्ञा द्यायच्या, एवढेच काम उरते, त्यामुळे परीघाचा प्रश्नच येत नाही. कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात. सेन्सर जळाला तर तो बाजारात सुटा मिळेल काय? दोन वर्षांनी प्रशिक्षक गेल्यावर आज्ञावली विनामूल्य चालेल काय? आणि आपल्या शाळेच्या शिक्षकांना कंपनी स्वतः शिकवणार काय? उत्तरे असमाधानकारक असतील तर अर्डुइनोचे (आज्ञा भरून मोटारी, सेन्सर चालवता येणाऱ्या लहान सर्किटचे) सुटे बोर्ड, मोटारी, सेन्सर आणि तारा घेऊन आठवी-नववीसाठी दहा-बारा संच तयार करावेत. त्याला बारा लाख मुळीच लागत नाहीत. एक माहिती नमूद करतो. अटल टिंकरिंग लॅबची, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहण्याच्या शालेय प्रयोगशाळांची, केंद्रीय योजना २०१६ पासून सहावी ते बारावीसाठी आहे आणि तिच्यात एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान ठेवले होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत आणखी ५० हजार प्रयोगशाळा जाहीर झाल्या, पण त्या सरकारी शाळांसाठी आहेत. आपल्या जवळच्या एखाद्या शाळेत अशी प्रयोगशाळा असेल, तर आठवड्यातून एक दुपार ती वापरू देण्याविषयी पत्र देऊन पाहावे.

उत्तर ४
रसायन उद्योगातील गुणवत्ता नियंत्रक, नंदेसरी

चर्चा यंत्रांभोवती फिरत आहे, म्हणून रसायनाच्या बाजूने थोडक्यात लिहितो. नव्या मुलांना सोडियम हायड्रॉक्साइडचे एक लिटर १ मोलर द्रावण (एक लिटर द्रावणात ४० ग्रॅम पदार्थ) तयार करायला सांगितले, की अनेकजण ४० ग्रॅम पदार्थ एक लिटर पाण्यात टाकतात. वास्तविक तो थोड्या पाण्यात विरघळवून, गार करून, मग एकूण द्रावण एक लिटर होईपर्यंत पाणी घालायचे असते. सूत्र सर्वांना येते. मोजपात्रातील खुणेपर्यंत पाणी भरण्याचे काम मात्र शाळेत कधी हाती आलेले नसते.

या गावाने हा मार्ग पूर्वी चालून पाहिलेला आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले आणि त्याची धुरा रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे दिली. रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या अशा विषयांचे शिक्षण लोकांना कळेल त्या भाषेत आणि हाताने काम करून द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९०७ मध्ये गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी अलेंबिक ही कंपनी उभी केली. औषधनिर्मितीचे कारखाने येथे आले, त्याआधी रसायन हाताळणारी माणसे येथे तयार झाली होती. समितीच्या बैठकीत हा क्रम जरूर मांडावा.

उत्तर ५
पॉलिटेक्निकमधील व्याख्याती आणि नववीतील मुलीची आई

एक मुद्दा राहून गेला आहे. दहावीनंतर विज्ञान शाखेत ए ग्रुप (गणित) की बी ग्रुप (जीवशास्त्र), हा निर्णय होण्याच्या बराच आधी मुली गणितापासून दूर गेलेल्या असतात. वर उल्लेखलेल्या 'असर'च्याच पाहणीत विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या शाखांत असलेल्या मुलांचे प्रमाण ३६.३ टक्के, तर मुलींचे २८.१ टक्के आढळले. माझ्या प्रयोगशाळेत मी जे पाहते ते असे की चौघांच्या गटात उपकरण मुलगा हाती घेतो आणि मुलगी सुंदर अक्षरात वाचने लिहून घेते. अहवाल तिचा उत्कृष्ट असतो, पण सर्किट जोडायला सांगितले की ती संकोचते. तिची बुद्धी कोठेही कमी नसते, तिला फक्त सवय नसते. म्हणून दर चार मुलांमागे एक संच घेताना गटातील कामे दर तासाला बदलतील, असा नियम पहिल्या दिवसापासून करावा, आणि प्रयोगशाळा सहायक म्हणून शक्य असल्यास एखाद्या तरुणीची नेमणूक करावी.

पुन्हा प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल समितीच्या वतीने आभारी आहे. ही उत्तरे मी छापून कालच्या बैठकीत वाचून दाखवली. रोबोटिक्सचा तयार प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवून सहायकाची नेमणूक, मोजमापाची साधने आणि अर्डुइनोचे काही सुटे संच, असा विचार सुरू झाला आहे. मुख्याध्यापकांची एक अडचण मात्र खरी आहे. वेळापत्रकात जागा कोठून काढावी? अभ्यासक्रम पुरा झाला नाही तर विचारणा त्यांनाच होते.

निवृत्त गणित शिक्षिका यांचे उत्तर

नवा तास मागू नये. पंधरा दिवसांतून एकदा विज्ञान आणि गणिताचे लागोपाठचे दोन तास एकत्र करावेत आणि दोन्ही शिक्षकांनी वर्गात थांबावे. त्या दिवशी मुलांनी जे मोजले त्याची सरासरी, आलेख आणि गुणोत्तर हेच गणिताचे उदाहरण समजावे, म्हणजे अभ्यासक्रम मागे पडत नाही, उलट दोन घटक एकदम पुढे सरकतात. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची आणि त्या काळात स्थानिक कारागिरांकडे काम पाहून शिकण्याची तरतूद आहे. ते दिवस सहलीत न घालवता मकरपुऱ्यात आणि नंदेसरीत घालवावेत.

मकरपुऱ्यातील अभियंता यांचे उत्तर

बाईंच्या सूचनेला जोडून एक गोष्ट करता येईल. तपासणीत नाकारलेले भाग आमच्याकडे भंगारात जमा होतात. त्यांतील शंभरेक भाग आणि त्यांची ड्रॉइंगे, ग्राहकाचे नाव असलेला रकाना काढून, शाळेला देण्याची परवानगी मी व्यवस्थापनाकडे मागितली आहे. प्रत्येक गटाने एक भाग मोजावा, ड्रॉइंगमधील मर्यादेशी ताडून पाहावा आणि तो का नाकारला गेला असेल ते दोन वाक्यांत लिहावे. मुले कारखान्यात येतील तेव्हा ते लिखाण सोबत आणावे, म्हणजे ज्या यंत्रावर तो भाग तयार झाला त्या यंत्रावरील कामगारांशी त्यांना त्याविषयी बोलता येईल. धारदार कडा घासून काढण्याची आणि भाग धुऊन देण्याची जबाबदारी आमची राहील. सहावीसाठी सोपे, एकाच व्यासाचे भाग वेगळे ठेवतो. आठवीसाठी टप्प्याटप्प्याने व्यास बदलणारे धातूचे दांडे देतो, ज्यांत दोन लांबींची वजाबाकी करावी लागते. किती गट होतील, तेवढे कृपया कळवावे.